उजळणी वीसपर्यंत येते, पण पाच बदकं मोजता येत नाहीत

कागदीहोडी:

माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. एक ते वीस घडाघडा म्हणते. पण पुस्तकात पाच बदकांचं चित्र आलं की ती कधी सात होतात, कधी चार. बोट भराभर फिरतं आणि तोंड त्याच्याही पुढे धावतं. मोजून झाल्यावर "मग किती बदकं?" असं विचारलं की पुन्हा "एक, दोन, तीन..." सुरू. नुसतं "पाच" असं उत्तर अजून एकदाही आलेलं नाही.

काल रंगीत कागदाचे गोल कापून आम्ही सुरवंट करायला बसलो. मी म्हटलं, सहा गोल चिकटव. हाताला लागले तेवढे सगळे तिने एकावर एक चिकटवले आणि आनंदाने मला दाखवले. मी रागावले नाही, पण माझा चेहरा उतरला आणि तो तिला दिसला. रात्री मला झोप लागली नाही. मोजणीची तीन-चार चित्रपुस्तकं आहेत, कागद, कात्री, गोंद आहे, रोज अर्धा तासही आहे. मी काय वेगळं करू?

खडूफळा:

ताई, मी बावीस वर्षं बालवर्गाला शिकवलं. तुम्ही लिहिलंय तशी मुलं दरवर्षी माझ्यासमोर बसायची. तुमच्या लेकीचं काही अडलेलं नाही, ती वाटेवरच आहे.

उजळणी म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. त्यातली तीन तुमच्या कामाची आहेत. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम ठरलेला. आणि शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. क्रम तिला पक्का येतो. एकाला एक हे निम्मंअर्धं आलंय. शेवटचं अजून यायचंय, म्हणून तर "किती?" म्हटलं की ती पुन्हा मोजते. तिच्या दृष्टीने "किती?" म्हणजे "मोजून दाखव", आणि ते ती प्रामाणिकपणे करते आहे.

म्हणून काही दिवस "किती?" बाजूला ठेवा. त्याऐवजी "मला दोन दे" म्हणा. दोन अचूक दिले, तर तीन मागा. तीनला मूठभर हातात आले, तर तिची आजची पायरी दोनची. एक, मग दोन, मग तीन असं मूल टप्प्याटप्प्याने शिकतं आणि एका टप्प्यावरून पुढच्यावर जायला कित्येक महिने लागू शकतात. तुम्ही एकदम सहा मागितले होते. तिच्यासाठी सहा म्हणजे "पुष्कळ", आणि पुष्कळ गोल तिने चिकटवले!

आता पुस्तक. पानावरचं बदक उचलून बाजूला ठेवता येत नाही. हातात दगड असतील, तर मोजलेला दगड सरकवता येतो आणि उरलेले समोर राहतात. चित्रात कोणतं मोजलं, कोणतं राहिलं हे डोक्यात ठेवावं लागतं आणि तिथेच गडबड होते. मी मुलांना मोठी, चपटी बटणं द्यायचे (घरात अगदी लहान बाळ असेल तर पुठ्ठ्याच्या चकत्या घ्या, बटण तोंडात जातं). प्रत्येक बदकावर एक बटण ठेवायचं, ठेवताना एकच शब्द म्हणायचा. बदकं संपली की बटणं गोळा करून रांगेत मांडायची आणि तुम्हीच त्यावरून हात फिरवत म्हणायचं, "तीन. तीन बदकं." संख्या आधी तुमच्या तोंडून तिच्या कानावर पडू दे.

पानंही निवडून घ्या. एका रांगेत उभी असलेली चित्रं सोपी. गोलात बसलेली अवघड, कारण सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. गवताआड अर्धी लपलेली त्याहून अवघड. चित्रकाराने पान सुंदर केलेलं असतं, पण ते मोजायला सोपं असतंच असं नाही.

हस्तकला मात्र माझ्या जिव्हाळ्याची. तिथे संख्येची गरज वस्तूतून यायला हवी. सुरवंटाला पाच गोल काय, नऊ काय, तो सुरवंटच राहतो. त्यापेक्षा तीन डोळ्यांचा राक्षस करा. पुठ्ठ्यावर डोळ्यांच्या तीन रिकाम्या खाचा काढा, कागदी डोळ्यांचा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि सांगा, "याला डोळे आण, पण एकाच फेरीत." कमी आणले तर खाच रिकामी राहील, जास्त आणले तर डोळा हातात उरेल. चूक तिची तिलाच दिसेल, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. पुढे सहा पायांची मुंगी, मग आठ पायांचा कोळी.

मोंटेसोरी वर्गातल्या काड्यांच्या पेटीतही हेच आहे. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि मोजून ४५ काड्या. कुठे चुकलं, तर शेवटच्या कप्प्याला काड्या पुरत नाहीत किंवा उरतात. घरी बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा, शून्य ते चार, आणि दहा काड्या द्या. शून्याचा कप्पा रिकामाच ठेवायचा असतो, हे मुलांना फार आवडतं.

पानउलटे:

पुस्तकातल्या मोजणीबद्दल एक सांगतो. मी मुलाला दर पानावर "इथे किती?" विचारायचो. तीन आठवड्यांत तो पुस्तक घेऊन यायचाच बंद झाला. मला खूप वाईट वाटलं. मग ठरवलं, पहिल्यांदा नुसती गोष्ट वाचायची, तिसऱ्या-चौथ्या वाचनाला त्याच्या आवडीच्या एकाच पानावर थांबायचं. महिन्याभराने पुस्तक पुन्हा मांडीवर आलं.

खडूफळा:

पानउलटे, अगदी बरोबर. हे मी आधीच लिहायला हवं होतं. एका बैठकीत एक पान पुरे.

कागदीहोडी:

आठ दिवसांनी लिहिते आहे. पहिल्या दिवशी "दोन दे" म्हटलं, दिले. "तीन दे" म्हटलं, तर ओंजळभर.

राक्षस आम्ही चार वेळा केला. पहिल्यांदा तिने मूठभर डोळे आणले आणि उरलेले कपाळावर, कानावर लावले. मी काही बोलले नाही (अवघड गेलं). तिसऱ्यांदा दोनच आणले, रिकाम्या खाचेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एक नाही." परवा चौथ्यांदा मात्र डब्यापाशी बसून तिने एक-एक डोळा तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि धावत आली. तीन होते! मी तिला कडेवर घेऊन घरभर नाचले.

पण काल चार खाचांचा केला तर पुन्हा ओंजळभर. मागे गेली का?

खडूफळा:

नाही ताई, मागे नाही गेली. तीन नुकतं हाती लागलंय, त्यात तिला खेळू द्या. तीन वेगवेगळ्या रूपांत येऊ दे: रांगेत तीन, त्रिकोणात तीन, तीन टाळ्या, तीन उड्या. आवडत्या पुस्तकातली तीन-तीनची चित्रं शोधा, तिला ती न मोजताच ओळखू येतील. आणि डब्यात मोठे डोळे, बारीक डोळे, निळे, लाल असे सगळे मिसळून ठेवा. एक मोठा आणि दोन बारीक मिळूनही तीनच होतात का, हे तिला स्वतः पडताळायचं असेल.