प्रति: जनेट-नेल्सन, खरंच काही होतं का?

'जनेट मॅकडोनाल्डच्या लग्नात नेल्सन एडी स्वतः गायला, म्हणजे दोघांत काहीच नसणार' हा मुद्दा मला पटत नाही. जून १९३७ मध्ये तिनं अभिनेता जीन रेमंडशी लग्न केलं आणि एडी तिथे गायला, हे खरंच. पण एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओची पडद्यावरची सर्वात लाडकी गाणारी जोडी होती ती. तो गैरहजर राहिला असता तर केवढी बोंब झाली असती! स्टुडिओच्या करारात नीतिमत्तेची कलमं असायची त्या काळी.

अर्थात तो गायला म्हणून प्रेम होतंच, असंही सिद्ध होत नाही. प्रेमप्रकरणाच्या कथा बऱ्याचशा दोघं गेल्यानंतर रंगल्या, आणि दोघांचीही लग्नं शेवटपर्यंत टिकली, हे विसरू नका.

तरी दोघांचा 'मेटाइम' हा चित्रपट एकदा बघाच. तिच्या लग्नाच्या जेमतेम तीन महिने आधीचा. शेवटी म्हातारी झालेली नायिका प्राण सोडते, तरुण रूपात उठते आणि फुलांनी लगडलेल्या झाडांखाली एडी गात येतो. हे निव्वळ अभिनय म्हणणाऱ्यांना माझा दंडवत. (मी पक्षपाती आहे, कबूल.)

१९३५ ते १९४२ मध्ये दोघांचे आठ चित्रपट आले. जनेट जानेवारी १९६५ मध्ये गेली. दोन वर्षांनी मायामी बीचला कार्यक्रम चालू असताना एडीच्या तोंडून शब्दच फुटेनात, पक्षाघात होता. दुसऱ्या दिवशी तोही गेला.