बायोसेन्सरचं सिम्युलेशन प्रत्यक्षाच्या जवळ कसं न्यावं? (सॉफ्टवेअर फुकटच हवं)

शून्यबजेट: सिलिकॉन डायऑक्साइडच्या गेटचा आयस्फेट (द्रावणातल्या आयनांना प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर) सिम्युलेट केलाय. माझ्याकडे दर पीएचला बरोब्बर ५९ मिलिव्होल्ट येतात, प्रयोगवाल्या मित्राला जेमतेम ३५. शिवाय त्याचा सिग्नल तासागणिक सरकतो, माझा ढिम्म. लॅपटॉप ८ जीबीचा, खर्च शून्य. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जाळीदार: कॉमसोल (विकतचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) घ्या. आमच्याकडे आहे, डोळे झाकून चालतं. रॅम मात्र भरपूर हवी.

शून्यबजेट: अहो, फुकट म्हटलंय.

टीकॅडवाला: कॉमसोल कशाला, सेंटॉरस (ट्रान्झिस्टर सिम्युलेट करायचं सॉफ्टवेअर)! द्रावणाला सेमीकंडक्टरच समजायचं, परमिटिव्हिटी पाण्याची, म्हणजे ८० द्यायची. इलेक्ट्रॉन-होल म्हणजे ऋण-धन आयन. मी तर असंच करतो.

खडूस परीक्षक: आणि बफरमधल्या दोन प्रभारांच्या फॉस्फेटचं काय करता? इलेक्ट्रॉनला एकच प्रभार असतो. असे आलेख माझ्याकडे तपासायला आले की सरळ परत जातात.

टीकॅडवाला: माझे छापून आलेत.

ऑक्साइडप्रेमी: मूळ प्रश्नाकडे येऊ का? ५९ ही २५ अंशांना नर्न्स्टच्या समीकरणाची कमाल मर्यादा. म्हणजे तुम्ही पृष्ठभाग आदर्श धरलाय. साइट-बाइंडिंग मॉडेल घाला, म्हणजे ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक जागा (साइट्स) प्रोटॉन घेतात-सोडतात हे गणित. सिलिकॉन डायऑक्साइडसाठी चौरस सेंटीमीटरला ५×१०^१४ साइट्स, पीके (त्या जागा प्रोटॉन किती सहज सोडतात याचं माप) −२ आणि ६ हे आकडे सर्रास वापरतात. त्यावर स्टर्न थर (पृष्ठभागाला चिकटलेल्या आयनांचा), मग गुई-चॅपमन (त्यापलीकडे विखुरलेल्या आयनांचा थर). उतार आपोआप खाली येईल, आणि पीएचनुसार बदलेलही. सरळ रेष आली तर संशय घ्या. मी टँटलम पेंटॉक्साइडवर गेलो, तिथे ५५च्या पुढे मिळतात. गेटच बदला खरं तर.

डीबायचा भाचा: डीबाय लांबी (जिच्यापलीकडचा प्रभार द्रावणातले आयन झाकून टाकतात) कोणीच काढली नाही?? शरीरातल्याइतक्या खारट द्रावणात ती ०.८ नॅनोमीटरच्या आसपास, अँटिबॉडी १० नॅनोमीटरची. प्रभार दिसणारच नाही!

शून्यबजेट: माझ्याकडे अँटिबॉडी नाहीये. फक्त पीएच.

डीबायचा भाचा: पुढे लागेलच.

जुना सोल्डर: रेफरन्स इलेक्ट्रोड (द्रावणाचं विभव पक्कं धरणारा) मॉडेलमध्ये आहे का? सगळे तो आदर्श धरतात. अर्धा गोंधळ तिथलाच असतो.

टीकॅडवाला: आयस्फेटचा जनक बर्गवेल्डने १९७० साली रेफरन्स इलेक्ट्रोडशिवायच मोजलं होतं.

जुना सोल्डर: म्हणून तर त्यावर वाद झाला! द्रावणाचं विभव तरंगत ठेवून काय मोजणार?

(इथले काही प्रतिसाद 'इलेक्ट्रोड हवा की नको' या नव्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

ऑक्साइडप्रेमी: सिग्नल सरकण्याबद्दल राहिलंच. ऑक्साइड पाणी शोषतं, थराची धारिता हळूहळू बदलते. थ्रेशोल्ड व्होल्टेजमध्ये (ट्रान्झिस्टर चालू होतो ते व्होल्टेज) ताणलेल्या घातांकी फलनाचं (स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल) एक पद जोडा, पुरतं. वर थोडा वन-बाय-एफ नॉइज (कमी वारंवारतेला वाढणारा).

जाळीदार: +१. मीही साइट-बाइंडिंगच सांगणार होतो. कॉमसोलमध्ये सोपं जातं.

खडूस परीक्षक: पायथनमध्ये लिहा. एका मितीत पन्नास ओळींचं काम.

शून्यबजेट: सर्वांचे आभार. स्प्रेडशीटमध्ये करतोय. साइट-बाइंडिंग आणि स्टर्न घेतले. सरकण्यासाठी मित्राने मोजलेली वक्ररेषाच चिकटवणार. गेट बदलत नाही, त्याच्याकडे तोच आहे.

खडूस परीक्षक: मोजलेली वक्ररेषा चिकटवलीत तर सिम्युलेशन कशाचं केलंत?

ऑक्साइडप्रेमी: पृष्ठभागाचं विभव प्रभारावर अवलंबून, प्रभार विभवावर. स्प्रेडशीट 'सर्क्युलर रेफरन्स' म्हणून ओरडेल. सेटिंगमध्ये इटरेशन चालू करा.

शून्यबजेट: ओरडून झालंय. चालू केलं. पीएच ७च्या आसपास दर पीएचला ४१ मिलिव्होल्ट येतायत.