मदत हवी आहे: आत्ती चालताना मधेच थांबते, ईसीजी नॉर्मल आलाय, पुढं काय करायचं?

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

माझी थोरली आत्ती, वय 61, कोल्हापुरात शिवाजी पेठेत एकटीच असते. मामा (तिचे यजमान) जाऊन सहा वर्षं झाली, पोरगा पुण्याला नोकरीला, म्हणजे दवापाण्याचं जे काही असेल ते माझ्याकडंच. शुगर आठ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू, मागची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 8.4 होती, बीपीची पण एक गोळी आहे. बाकी बाई एकदम खमकी, गेल्या चैत्रात गायमुखापासनं पायऱ्यांनी जोतिबा चढली होती आणि वर जाऊन आम्हालाच हसत होती.

आता झालंय असं की दर शुक्रवारी ती अंबाबाईला चालत जाते, बिनखांबी गणपतीवरनं महाद्वार रोडनं. मागच्या दोन शुक्रवारी मला सुट्टी होती म्हणून सोबत गेलो. तर ही दर थोड्या वेळानं कुठल्यातरी दुकानापुढं थांबते, ब्लाऊज पीस हातात घेते, कितीला ओ विचारते आणि दुकानदार भाव सांगतोय तवर हिचं लक्षच नाही, नुसती उभी, एक हात टेबलावर. दोन-तीन मिनिटांनी चल म्हणते. पहिल्या वेळी मला वाटलं बायकांचं असतंयच. दुसऱ्या शुक्रवारी चार वेळा झालं आणि चौथ्यांदा ती भांड्यांच्या दुकानापुढं थांबली, कुकर हातात घेतला, घरात तीन कुकर असताना. तेव्हा बघितलं तर वरच्या ओठावर घाम, आणि सकाळची गार वेळ होती बरं का.

लई खोदून विचारल्यावर म्हणाली दुखत नाही रे, छातीवर कुणी पाटा ठेवल्यागत होतंय आणि हितं जबड्यात ओढतंय, थांबलं की जातंय, पित्त आहे. जेवून लगेच चाललं की जास्त होतंय म्हणे. मे महिन्यात डंकावरनं चटणी करून आणली, तो डबा वर चढवताना पहिल्यांदा झालं होतं, म्हणजे दीड-दोन महिने झाले, आणि कुणाला बोलली नाही!

फॅमिली डॉक्टरकडं नेलं. तिथं हिनं पाटाबिटा काही सांगितलंच नाही, 'जरा जळजळतंय' एवढंच. त्यांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, पित्ताची गोळी दिली. झालं, आत्तीच्या हातात कोलीतच मिळालं. तो ईसीजीचा गुलाबी चौकटींचा कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलाय, अंबाबाईच्या कुंकवाच्या पुडीशेजारी, आणि कोणी काही बोललं की काढून दाखवते. 'हे बघ, मशीननं सांगितलंय. मी बरा हाय.' (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलतात, टायपिंग चुकलेलं नाही.)

मला भीती का वाटतेय तर आमचे दादा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, त्यांना 53 व्या वर्षी अटॅक आला होता आणि ते पण दोन दिवस पित्त पित्त करत सोडा पीत बसले होते. वाचले, पण थोडक्यात.

प्रश्न असे की ईसीजी नॉर्मल असून हार्टचं काही असू शकतं का, कुठली टेस्ट करायला सांगतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे असल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं कसं?

प्रतिसाद: पित्तच असेल भावा, उगा घाबरू नकोस. रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या कोमट पाण्यातनं द्या, आमच्या सासऱ्यांना गुण आलाय.

प्रतिसाद: लसूण फोडणीत टाका, बाईंना आधी दवाखान्यात न्या. मी बारा वर्षं हृदयविभागात सिस्टर होते म्हणून स्पष्टच लिहिते. चाललं की छाती भरून येणं, जबड्यात ओढणं आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जाणं, हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या त्रासाचं, अगदी नेहमीचं वर्णन आहे. पित्ताचं उलट असतं, ते वाकलं किंवा जेवून आडवं झालं की वाढतं, दुकानापुढं उभं राहिल्यानं जात नाही. आणि तो ईसीजी साधारण 10 सेकंदांचा असतो, तोही झोपवून, त्रास होत नसताना काढलेला. रक्त कमी पडतं ते चालताना, मग आराम करताना काढलेल्या कागदावर दिसणार कसं? नॉर्मल आला म्हणजे त्या घडीला अटॅक दिसला नाही, शिरा मोकळ्या आहेत असं तो सांगत नाही. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर पुष्कळदा दुखतच नाही, नुसता दम, घाम, थकवा. साधारणपणे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिलवर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट, आणि त्यात काही दिसलं तर अँजिओग्राफी (हृदयाच्या शिरांत कुठं अडथळा आहे ते बघायची टेस्ट), पण कुठली आधी ते हार्टवाले डॉक्टर ठरवतील. तवर तुम्ही घरी जिने चढायला लावून टेस्ट करू नका, लोक करतात म्हणून सांगते. त्या ईसीजीचा झेरॉक्स पण काढून ठेवा, तो कागद उन्हात, उष्णतेत खराब होतो.

एक विचारायचं राहिलं, बसल्या जागी किंवा झोपेत कधी झालंय का? आणि आधीपेक्षा कमी चालण्यात व्हायला लागलंय का?

धागाकर्ता: ताई, खूप आभार. बसून झालेलं नाही म्हणते, पण तिच्यावर किती विश्वास ठेवायचा. कमी चालण्यात होतंय असं मला तरी वाटतंय, आधीच्या शुक्रवारी दोनदा थांबली होती आणि परवा चारदा.

प्रतिसाद: (तीच सिस्टर) मग पुढच्या शुक्रवारची वाट बघू नका, उद्याच दाखवा आणि दुकानांचं सगळं तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा, त्या नाही सांगणार. आज रात्रीत बसल्या जागी झालं, किंवा दहा मिनिटांत गेलं नाही, घाम आला, दम लागला, तर 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. गाडीवर मागं बसवून नेऊ नका, चालवू नका, आणि शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट (हार्टवाल्यांची गोळी) आपल्या मनानं जिभेखाली ठेवू नका, बीपी एकदम खाली जातं. ॲस्पिरिन चावायला द्यायची का तेही 108 वाल्यांना विचारूनच.

प्रतिसाद: खर्चाचं टेन्शन असेल तर सरकारच्या महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी (हृदयाची अडलेली शीर मोकळी करणं) बसते. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसलेला असतो, आधी त्याला गाठा. नंतर बिल झाल्यावर पळापळ करून उपयोग होत नाही, स्वानुभव.

धागाकर्ता: अपडेट देतो. रात्री आत्तीकडं गेलो. सरळ विषय काढला असता तर तिनं पिशवी काढलीच असती, म्हणून जेवताना सहज विचारलं, आत्ती, त्या शुक्रवारी महाद्वार रोडला कुकर बघितलास तो कितीला सांगितला गं? म्हणाली, कुठला कुकर. म्हटलं आणि तो मोरपंखी ब्लाऊज पीस? गप्प. भाकरी मोडत होती ती हातातच राहिली. मग म्हणाली, 'तुला कळलंवतं व्हय.' नंतर हळूहळू सगळं बाहेर आलं, आंघोळीचं पाणी उचलून नेताना पण गेल्या आठवड्यात दोनदा झालंय आणि तिनं ते नळ सुरू ठेवून लपवलंय, शेजारणीला आवाज जाऊ नये म्हणून.

सकाळी 11 ची वेळ मिळालीय. रात्री मी इथंच झोपणार आहे, 108 चा नंबर तिच्या मोबाईलवर एका बटणावर लावून दिलाय. पुण्याला फोन झाला, भाऊ पहाटेच्या गाडीनं निघतोय.

ताई जाग्या असाल तर एक सांगा, सकाळी उपाशी न्यायचं का चहा-नाष्टा चालतो, शुगरची गोळी द्यायची का? दवाखान्याचा फोन आता कोणी उचलत नाहीये आणि आत्तीनं तीनदा विचारलंय.