शब्दचर्चा : ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : तेलविहिरींच्या पाण्यामुळे भूजल बिघडल्याच्या वादांवर एक लेख मराठीत आणतेय. ‘प्रोड्यूस्ड वॉटर’ला ‘उत्पादित पाणी’ लिहिलं आणि तिथेच अडले. कंपनीने पाणी तयार करून विकायला काढलंय, असं वाटतं. ‘सांडपाणी’ चालेल?

प्रतिसाद : ‘उत्पादित’ नकोच. पण ‘सांडपाणी’ही पुरतं बसत नाही. वापरून झाल्यावर सांडतो ते सांडपाणी. हे पाणी कुणी वापरलेलंच नसतं. लाखो वर्षं खडकात तेलाशेजारी कोंडलेलं असतं आणि तेल उपसताना वर येतं. जुन्या विहिरींतून तर तेलापेक्षा पाणीच जास्त निघतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. काही ठिकाणी हे पाणी त्याच्या कितीतरी पट खारट असतं, शिवाय त्यात बेंझीन आणि रेडियमही सापडतं. मी सरळ ‘तेलासोबतचं पाणी’ लिहीन.

प्रश्नकर्ती : पटलं. ते पुन्हा जमिनीत सोडतात, त्याला ‘जिरवणे’ लिहिलंय.

प्रतिसाद : ते मात्र बदला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणत आपण वाढलो. जिरवणं म्हणजे भूजलाचं भलं करणं, हे कानात पक्कं बसलंय. इथे दाब देऊन खारं पाणी खोल खडकात ढकलतात. ‘खोलवर दाबून सोडणे’ म्हणा. विनाअस्तर खड्ड्यात साठवलेलं पाणी खाली जातं त्याला ‘झिरपणे’, कारण ते कुणी न ढकलता जातं. वादात हाच फरक कळीचा असतो. इक्वाडोरच्या लागो आग्रिओ भागात टेक्साकोवर झालेल्या आरोपांत असे खड्डे होते. पुढे टेक्साको शेवरॉनने विकत घेतली, म्हणून तिथल्या न्यायालयाने २०११ मध्ये शेवरॉनविरुद्ध निकाल दिला. २०१४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो फसवणुकीने मिळवलेला ठरवला. लेखात हे प्रकरण असेल तर दोन्ही निकाल द्या.

दुसरा प्रतिसाद : ‘अ‍ॅक्विफर एग्झेम्प्शन’चं काय केलंत?

प्रश्नकर्ती : ‘जलधराला सूट’.

दुसरा प्रतिसाद : हा शब्द मला फार खटकतो. सूट म्हणजे ज्याला मिळाली त्याचा फायदा. इथे जलधराचं, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थराचं, कवच काढून घेतलं जातं. अमेरिकेत ज्या भूजलात लिटरमागे १०,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार विरघळलेले असतात, त्याला भावी पिण्याचा स्रोत म्हणून संरक्षण आहे. जिभेला ते मचूळ लागेल, खारटही लागेल. पण शुद्ध करून कधीतरी पिता येईल, असा विचार आहे. ‘एग्झेम्प्शन’ मिळालं की ते संरक्षण जातं. म्हणून ‘संरक्षणातून वगळलेला जलधर’. कॅलिफोर्नियात २०१४-१५ मध्ये उघड झालं, की संरक्षण कायम असलेल्या जलधरांतही पाणी सोडायला शेकडो विहिरींना परवाने दिले होते. ‘सूट’ वाचून यातली गंभीरता कुणाला कळणार?

प्रश्नकर्ती : आणि ‘कंटॅमिनेशन’?

पहिला प्रतिसाद : ‘दूषित होणे’च. फक्त प्रत्येक वाक्यात ते सिद्ध झालंय का, बघा. पाणी मुळातच खारं होतं, असा बचाव नेहमी येतो. तिथे क्लोराइड आणि ब्रोमाइडचं प्रमाण ताडून खारेपणाचं मूळ शोधतात. तोवर ‘विहिरीचं पाणी खारट झालं’ लिहा. ज्याच्या घरात ते पाणी येतं, तोही आधी एवढंच म्हणतो.

प्रश्नकर्ती : आत्ताच बदललं : ‘तेलासोबतचं पाणी संरक्षणातून न वगळलेल्या जलधरात दाबून सोडलं गेलं.’ ‘न वगळलेल्या’ अजून अडखळतंय.

दुसरा प्रतिसाद : ‘संरक्षित जलधरात’. झालं.