अनुभव धागा : बालवाडीत आकार कसे शिकवता? (सातारा-सांगली)

त्रिकोण, चौकोन, गोल यांचे तक्ते बाजारात ढिगानं मिळतात. तक्त्यावर बोट ठेवलं की मूल धडाधड नावं सांगतं, पण तोच त्रिकोण टोक खाली करून धरला की गप्प होतं. म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बालवाडी-अंगणवाडीच्या बाईंना विचारलंय : मुलांच्या हातात नेमकं काय देता, कुठल्या मापाचं, आणि काय फसतं? कौतुक-सोहळे नकोत, कृती लिहा.

तासगाव, वय ३ ते ४

आमच्याकडे बेदाण्याची रिकामी खोकी भरपूर. त्यांच्या पुठ्ठ्याचे आकार कापायचे. एकेरी पुठ्ठा दोन दिवसांत दुमडतो, म्हणून दोन थर चिकटवायचे. एका थराच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या की तुकडा वाकत नाही. फेविकॉल लावून रात्रभर पाटीच्या ओझ्याखाली ठेवा. माप ८ ते १० सेमी. यापेक्षा लहान घेतलं तर कोपरा बोटाला कळत नाही, मोठं घेतलं तर तळहातात मावत नाही.

सगळे आकार एकाच रंगाचे करा, याचा मी अगदी आग्रह धरते. त्रिकोण लाल आणि गोल निळे केले की मूल रंगावरून वेगळे करतं आणि आपल्याला वाटतं, आकार आला. लाल गोल पुढे ठेवला की खरं काय ते कळतं.

त्रिकोण एकाच साच्याचे कापू नका. निदान सहा तरी वेगवेगळे हवेत : बारीक उंच, बसका, काटकोनाचा. सोबत दोन-तीन खोटे ठेवा. एकाची बाजू फुगीर, एकाचं टोक गोलसर, एकाच्या बाजू चार. "हा का चालत नाही?" असं विचारल्यावर जे उत्तर येतं, त्यातून मुलाला किती कळलंय ते समजतं. नुसतं "नाही" म्हटलं तर पुढे जाऊ नका.

सातारा शहर, वय ४ ते ६

मैदानावर जुनी साडी. सुती साडी साधारण साडेपाच मीटरची असते. तिची वीतभर रुंदीची लांब पट्टी फाडून टोकं गाठा. गाठीत जाऊन सव्वापाच मीटरचं कडं उरतं. नायलॉनची दोरी नको, ओढताना हात भाजतात. सुतळीही टोचते.

कडं कमरेच्या उंचीवर धरून तिघांनी बाहेरच्या बाजूला ताणलं की त्रिकोण. चौथं मूल एका बाजूच्या मधोमध येऊन मागे सरकलं की चौकोन. मग पाच, सहा. आठजण ताणतात तेव्हा साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीचा अष्टकोन होतो. ज्यांनी विहीर पाहिलीय ती मुलं लगेच ओळखतात. बारा-पंधरा मुलं लागली की कडं जवळजवळ गोल दिसायला लागतं. कोपरे वाढतील तसा आकार गोलाकडे जातो, हे शब्दांत सांगायची गरज पडत नाही, ती स्वतःच ओरडतात.

फसतं ते दोन ठिकाणी. एक, कोणी हात सैल सोडला की बाजू लोंबते आणि तिला वाकडी म्हणायची की सरळ यावर वाद होतो. "ताणा" म्हणून आधी सगळ्यांना एक पाऊल मागे घ्यायला लावा. दोन, कोपऱ्यावरच्या मुलाला आकार दिसतच नाही. म्हणून निम्म्यांनी ताणायचं, निम्म्यांनी ओट्यावर उभं राहून सांगायचं, मग अदलाबदल.

मोठा गोल आखायचा असेल तर मधे खुंटी, तिला दीड मीटर दोरी आणि दुसऱ्या टोकाला फक्कीचा डबा. दोरी खुंटीभोवती गुंडाळली गेली तर आत आत जाणारं वेटोळं होतं, म्हणून खुंटीला गाठ न मारता सैल फास ठेवा.

मिरज, वय ५ ते ६

काड्या आणि कणिक. सगळ्यात जास्त शिकवून जाणारा खेळ हाच, म्हणून जरा सविस्तर.

कणिक : मैदा २ वाट्या, बारीक मीठ १ वाटी, पाणी पाऊण वाटी (थोडं थोडं घालत), तेल १ चमचा, रंगाला चिमूटभर हळद. सहा मुलांना पुरते. ज्वारीच्या पिठावर भागवायला जाऊ नका, त्याला चिवटपणा नसतो, गोळ्याला तडे जातात. हाताला खरचटलेलं असेल तर मीठ झोंबतं, त्या मुलाला साधी मळलेली कणिक द्या.

काड्या : कागदी स्ट्रॉ साधारण २० सेमीची असते. एक अख्खी ठेवायची, दुसरीचे ८, ६ आणि ६ असे तुकडे करायचे. प्रत्येक मुलाला २० च्या दोन, ८ च्या चार, ६ च्या चार. कोपऱ्याला बोराएवढा गोळा.

आता "२०, ८ आणि ६ घेऊन त्रिकोण करा" म्हणायचं. होत नाही. दोन्ही लहान काड्या मिळून १४ च भरतात, त्या एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. मुलं काडी ओढतात, वाकवतात, गोळा ताणतात. या वेळी बाईंनी हात मागे घ्यावा, मदतीची घाई करू नये. लांब काडी मात्र १५-१६ सेमीची घेऊ नका. मग ८ आणि ८ गोळ्यांच्या जाडीमुळे कसेबसे जुळतात आणि मुद्दाच निसटतो.

दुसरी गंमत : ८ च्या चार काड्यांचा चौरस उभा धरून वरच्या कोपऱ्याला एका बाजूनं हलकं ढकला, कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण ढकला, हलत नाही. मग चौरसात तिरकी काडी घालायची कल्पना कोणाला तरी सुचतेच. ८ ची तिथे पुरत नाही, साधारण ११ ची लागते, ती हळूच पुढे सरकवा.

पाटण, वय ३ ते ५

कणकेबद्दल एक जोड : आमच्याकडच्या पावसात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि गोळा चिकट होतो. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हाताला लावायला कोरडा मैदा जवळ हवा.

त्या दिवसांत आम्ही चाचपडण्याची पिशवी वापरतो. जुन्या पायजम्याचा पाय, तळाशी शिवलेला, तोंडाला नाडी. हात आत घालून आकार न बघता ओळखायचा. सुरुवातीला फक्त गोल आणि चौरस, दोन्ही जमले की त्रिकोण, आयत सगळ्यात शेवटी. चौरस आणि आयत बोटांना फार जवळचे लागतात. नाव नाही आलं तरी चालेल, "समोरच्यातला याच्यासारखा दाखव" म्हणा.

कोपरे मोजताना मूल चौरसाला पाच कोपरे सांगतं. मोजणं चुकत नसतं, बोट फिरून पहिल्याच कोपऱ्यावर येतं आणि तो पुन्हा मोजला जातो. पहिल्या कोपऱ्याला कपड्याचा चिमटा लावा. चिमटा लागला की थांबायचं.

वाई, वय ४ ते ५

चेंडूला "वर्तुळ" म्हणायची सवय लागू देऊ नका, पुढे पहिलीत ती निघता निघत नाही. बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या खेळ-साहित्यात चेंडू, नळकांडं आणि ठोकळा एकत्र असतात, ते याचसाठी उपयोगी. पाट एका विटेवर टेकवून उतार करा. चेंडू कसाही ठेवला तरी घरंगळतो, पावडरचा डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर घसरतो किंवा जागेवर राहतो, ठोकळा कधीच घरंगळत नाही. मग डब्याचा तळ कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. जी रेघ उमटते ती वर्तुळ, डबा नव्हे.

चौरस तिरका ठेवला की मुलं त्याला शंकरपाळी म्हणतात. तो फिरवून दाखवण्याऐवजी जमिनीवर फक्कीनं आखा आणि मुलालाच भोवती फिरू द्या. कोपऱ्यासमोर उभं राहिलं की शंकरपाळी, बाजूसमोर आलं की चौरस.

बटाट्याचे ठसे करणार असाल तर कापल्यावर दहा मिनिटं फडक्यावर पालथे ठेवा. ओल्या बटाट्यावर रंग पसरतो, त्रिकोणाची टोकं गोल उमटतात, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.