चौकोन लक्षात राहतात, हात धुणं नाही

मुक्ता: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. "रोज वीस मिनिटं मेंदूचे खेळ, सहा महिन्यांत मतिमंद मूल बाकीच्यांच्या बरोबरीला." माझा मुलगा बारा वर्षांचा. पाच आठवडे त्याच्याकडून हेच करून घेतलं. टॅबवर उजळणारे चौकोन दोनाचे चार लक्षात ठेवायला लागला. पण "चप्पल काढ, हात धू" म्हटलं की चप्पल काढून दारातच उभा! मेल्बी-लर्व्हॉग आणि ह्यूम या संशोधकांनी 2013 साली सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यातही हेच: स्मृतीचा सराव तसल्याच खेळांपुरता, वाचन-गणितात उतरत नाही.

अनिरुद्ध: ताई, एका मुलावरून सगळं मोडीत काढू नका. ती पोस्ट माझीच. 2013 सालीच डाउन सिंड्रोम (जन्मजात जनुकीय स्थिती) असलेल्या 21 मुलांवर असा सराव झाला. पाहून लक्षात ठेवणं सुधारलं, चार महिन्यांनीही टिकलं.

मुक्ता: पाहून लक्षात ठेवणं. म्हणजे पुन्हा चौकोनच ना?

विशेष शिक्षिका: आधी तो 'मतिमंद' शब्द काढा. अमेरिकेने 2010 साली कायद्यातून तसला शब्द काढला, आपण अजून तोच लिहितो.

अनिरुद्ध: शब्दाने काय होतं? गतिमंद झालं, विशेष झालं, आता दिव्यांग. लोकांची नजर तीच राहते. मूल माझं आहे, मला शिकवू नका.

विशेष शिक्षिका: शिकवते, कारण मुलं ऐकतात. वर्गातल्या एका मुलीने पाहुण्यांना नाव विचारल्यावर नाव नाही सांगितलं. "मी मतिमंद" म्हणाली. नऊ वर्षांची होती. घरात रोज कानावर पडल्याशिवाय हे तोंडात येत नाही.

मुक्ता: हे वाचून बोटं थांबली. मीही फोनवर बहिणीशी बोलताना त्याच्यासमोर हाच शब्द वापरते.

अनिरुद्ध: ठीक आहे, बौद्धिक अक्षमता लिहीन. पण खेळांना विरोध का? कारण टॅब दिला की आईबापांना आळशी म्हणतात, म्हणून?

विशेष शिक्षिका: टॅब मीही वापरते. माझा एक विद्यार्थी चित्रावर बोट ठेवतो, टॅब "पाणी" म्हणतो. तो गरजेचा शब्द आहे, लगेच पाणी मिळतं. हात धुण्याचं म्हणाल तर नळापाशीच शिकवा. एकेक पायरी, रोज, त्याच नळाशी.

अनिरुद्ध: "सहा महिन्यांत बरोबरी" हे मी जाहिरातीतूनच उचललं. चूक झाली, काढतो. खेळ मात्र चालू ठेवणार. आकडा बरोबर आला की माझी मुलगी टाळ्या वाजवते.

मुक्ता: खेळू दे की. पण या खेळांची वर्षाची वर्गणी भरताना मला 'उपचार' म्हणून सांगितलं होतं, तो राग आहे माझा.