मदत हवी आहे: मसाल्याच्या रील्स लोक बघतात, पण ऑर्डर येत नाही

नमस्कार मंडळी. सावंतवाडीला आमचं मालवणी मसाल्याचं घरगुती काम आहे. २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, इन्स्टाग्रामवर रील्स आल्या आणि ओळखीतले सगळे तिथेच माल विकायला लागले. मीही चार महिने व्हिडिओ टाकतेय.

नुसतं पाकीट दाखवून "आजच मागवा" म्हटलं की लोक पुढे सरकतात. परवा आई लोखंडी कढईत बेडगी मिरची भाजत होती. मिरची फुगली, आईला जोराचा ठसका लागला. तेवढेच सात सेकंद टाकले, तर ती रील कुठल्या कुठे पोचली! ऑर्डरी आल्या दोन.

एका फूड पेजवाल्याने पैसे घेऊन व्हिडिओ करतो म्हटलं, पण 'जाहिरात' असं लिहिणार नाही म्हणाला. पैसे घेतले तर तसं लिहायलाच हवं, असा २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) स्पष्ट नियम आहे. शिवाय गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं मला पटत नाही, म्हणून नको म्हटलं.

तर, रील बघणारा माणूस व्हॉट्सॲपवर ऑर्डर देईपर्यंत तुम्ही कसा आणता? बूस्टला, म्हणजे रील जास्त लोकांना दाखवायला इन्स्टाग्रामला, पैसे घालून कुणाला खरंच फरक पडला का? आणि इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केल्यापासून रीलला सिनेमातली गाणी मिळत नाहीत. कढईचा चरचर आवाज तसाच ठेवू का?